विरोधी शब्दांची सोयरीक

ज्या दोन शब्दांचें एकमेकांशीं उभें वैर, त्यांनाच एका दावणीला बांधण्याची एक जुनी रीत इंग्रजी काव्यांत आहे. शीतल अग्नि, गोड वेदना, सजीव मरण अशा जोड्या प्रथमच वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतें कीं, एक तर कवि चुकला असावा, नाहीं तर आपल्याला शब्दच कळले नसावेत. कोश उघडूनहि हा पेंच सुटत नाहीं. कोश एकेका शब्दाचा अर्थ सांगतो. येथें अर्थ असतो तो दोन शब्दांमधल्या ओढाताणींत.

या अलंकाराला इंग्रजींत ऑक्सिमोरॉन म्हणतात. नांव मूळचें ग्रीक. त्याचा पूर्वार्ध ‘तीक्ष्ण’ आणि उत्तरार्ध ‘मूढ’ अशा अर्थाचा आहे. म्हणजे अलंकाराचें नांवच त्याचें पहिलें उदाहरण होय! संस्कृत साहित्यशास्त्राशीं परिचय असलेल्या मराठी वाचकाला येथें विरोधाभासाची आठवण होईल. वास्तविक विरोध नसतांना विरुद्ध भासेल असें बोलणें, अशा आशयाचें त्याचें लक्षण अकराव्या शतकांतील मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त केलें आहे. तथापि दोहोंत भेद आहे. संस्कृत कवींच्या विरोधाचा परिहार पुष्कळदां श्लेषानें होतो. शब्दाचा दुसरा अर्थ ध्यानांत येतांच गांठ सुटते. इंग्रजी अलंकारांत बहुधा असा दुसरा अर्थ दडलेला नसतो. अग्नि तो अग्निच आणि शीतल तें शीतलच. त्यांचा मेळ शोधावयाचा तो बोलणाऱ्याच्या अंतःकरणांत.

इंग्रजी काव्यांत ही रीत रुजली ती मुख्यतः इटलीमुळें. पेट्रार्क (१३०४–१३७४) या कवीनें आपण ६ एप्रिल १३२७ रोजीं अ‍ॅव्हिन्यॉन येथील चर्चमध्यें लॉराला प्रथम पाहिलें, असें लिहून ठेवलें आहे. कधींच न लाभलेल्या या स्त्रीवर त्यानें आयुष्यभर सुनीतें रचलीं. त्यांत तो एकाच क्षणीं जळतो आणि गोठतो. १५२७ मध्यें सर टॉमस वायट हा इंग्रज राजपुरुष वकिलातीच्या कामगिरीवर इटलींत गेला होता. त्यानें पेट्रार्कचीं कांहीं सुनीतें इंग्रजींत उतरविलीं. वायट १५४२ सालीं वारला. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १५५७ मध्यें, रिचर्ड टॉटेल या मुद्रकानें त्याच्या कविता आपल्या संग्रहांत छापल्या आणि दरबारापुरती असलेली ही चाल सर्वत्र फैलावली. १५८९ मध्यें निघालेल्या, जॉर्ज पटनमचा म्हणून मानल्या जाणाऱ्या काव्यशास्त्रावरील ग्रंथांत ग्रीक अलंकारांना घरगुती इंग्रजी नांवें दिलेलीं आहेत. विरोधी शब्दांची गांठ घालणाऱ्या अलंकाराचें तेथें ‘क्रॉस-कपल’ असें बारसें झालें आहे. आडव्या जातकुळींची सोयरीकच ती!

पण चाल पडली कीं वस्तु स्वस्त होते. ज्याला जळणें ठाऊक नाहीं आणि गोठणेंहि ठाऊक नाहीं, तोहि या जोड्या वापरूं लागला. खरें आणि उसनें यांतील फरक कसा ओळखावा, हें शेक्सपियरच्या एकाच नाटकांत स्पष्ट दिसतें. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ १५९७ सालीं प्रथम छापलें गेलें. त्याच्या पहिल्याच प्रवेशांत रोमिओ विरोधी शब्दांची लांबच लांब माळ ओवतो. या वेळीं त्याचें चित्त ज्युलिएटवर नसून रोझलिन नांवाच्या तरुणीवर जडलेलें असतें. ही रोझलिन सबंध नाटकांत एक शब्दहि बोलत नाहीं आणि त्याच रात्रीं मेजवानींत ज्युलिएट दृष्टीस पडतांच रोमिओ तिला विसरतो. शब्द भरमसाट, आणि दुःख एका संध्याकाळपुरतें!

तिसऱ्या अंकांत तीच माळ ज्युलिएटच्या तोंडीं येते. विवाह होऊन कांहीं घटकाच लोटल्या आहेत. इतक्यांत दाई सांगत येते कीं, रोमिओच्या हातून टिबॉल्ट मारला गेला. टिबॉल्ट हा ज्युलिएटचा मामेभाऊ. ती आपल्या पतीला एका श्वासांत सुंदर म्हणते आणि क्रूर म्हणते; देवदूत आणि दैत्य यांना एका नांवांत बांधते. अलंकार तोच, परंतु येथें प्रत्येक जोडींतील एक शब्द माहेरचा आहे आणि दुसरा सासरचा. कोणताहि एक सोडणें तिला शक्य नाहीं. मग दाई रोमिओला दूषण देऊं लागते, आणि ज्युलिएट उसळून पतीची बाजू घेते. तेव्हां शब्दांची झुंज मागें पडते व ‘हद्दपारी’ हा एकच शब्द तिच्या काळजाला डसत राहतो. विरोध खरा होता, म्हणूनच त्याला निर्णयापर्यंत पोंचतां आलें.

पुढें मिल्टननें १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्यें नरकाचें वर्णन करतांना तेथील ज्वाळांना प्रकाश नाकारला आणि अंधारच डोळ्यांना दिसतो अशी कल्पना केली. प्रेमिकांचा अलंकार तेथें भयाच्या कामीं आला.

विसाव्या शतकांत त्याचें आणखी एक रूप दिसलें. बिहारमधील मोतीहारी येथें १९०३ मध्यें जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी १९४९ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील राज्यांत युद्ध चालविणारें खातें शांततेचें म्हणविलें जातें, आणि माणसांचा छळ करणारें खातें प्रेमाचें! येथें विरोध कोणाच्या अंतःकरणांत उठलेला नाहीं. तो कोणाला जाणवूं नये यासाठींच नांवाची योजना आहे.

तेव्हां अशी जोडी समोर आली म्हणजे तिचा अर्थ लावण्याआधीं एक गोष्ट पाहावी. त्या दोन शब्दांचा ताण कोण सोसतो आहे? रोमिओच्या पहिल्या भाषणांत तो फारसा कोणीच सोसत नाहीं. ऑर्वेलच्या राज्यांत तो प्रजेकडून निमूटपणें गिळविला जातो. ज्युलिएट मात्र तो स्वतः सोसते. आणि म्हणून चारशें वर्षांनंतरहि तिचे परस्परविरोधी शब्द ऐकणाऱ्याला तिचें म्हणणें समजावून सांगावें लागत नाहीं.