नळ आला, विहीर गेली

मुंबईच्या पाण्याचा इतिहास धरणांवरून सांगण्याची रीत आहे. १८५४ च्या टंचाईने शहराचे डोळे उघडले. १८६० मध्ये विहारचे पाणी आले, १८९२ मध्ये तानशाचे. या सालांबरोबर आणखी एक साल ध्यानी ठेवले पाहिजे. १९११ मध्ये डॉ. बेंटले यांचा हिवतापावरील अहवाल आला. विहिरींत डास वाढतात हे त्याने दाखविले आणि पुढे कित्येक विहिरी बुजविल्या, झाकल्या गेल्या. ते आवश्यकच होते. पण त्यामुळे शहराचा जीव एकट्या नळाशी बांधला गेला.

म्हणून मोठा नळ फुटला की दूरदूरच्या वस्त्यांचे माठ कोरडे पडतात. चावीवाला पाणी बंद करतो, खड्डा उपसला जातो, तडकलेला तुकडा कापून नवा बसवितात. गुडघाभर चिखलात रात्र काढणाऱ्या या कामगारांची नावे कोणत्याही धरणाच्या शिलेवर नाहीत.

रिकाम्या नळात फटींतून बाहेरची घाण शिरते. म्हणून दुरुस्तीनंतरचे पहिले गढूळ पाणी मोरी धुण्यास वापरावे आणि पिण्याचे उकळून घ्यावे.

काटकसर सर्वांनीच करावी. पण चाळीच्या नळावर रांगेत उभी राहून हंडा भरणाऱ्या बाईला ती शिकवावी लागत नाही. तो उपदेश आधी वाहत्या तोट्यांच्या घरांना करावा. आणि जमिनीखालची गळती? ती थांबविणे महापालिकेचे काम. तोटी आम्ही सांभाळू. नळ तिने सांभाळावा.