वाढत्या अंगाचा टर्बो



मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. बी.ए. झालो तोही मराठी माध्यमातून. मशीन म्हटलं की घरातल्या शिलाई मशीनपलीकडे माझी मजल नाही. तरीही आजचा लेख ट्रकच्या टर्बोवर आहे, कारण त्या बाबतीत एक चुकीचा सल्ला माझ्या तोंडून गेला होता.

दसरा-दिवाळी आली की आमच्या सिरसाळ्यातून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक भरतात. काही वर्षांपूर्वी त्या दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याच्या ट्रकचा टर्बो खराब झाला होता. गॅरेजमध्ये दोन जुने टर्बो होते. एक त्याच्या इंजिनाच्या मापाचा, दुसरा मोठ्या इंजिनाचा. किमतीत फरक थोडाच. "गुरुजी, कोणता टाकू?"

मी बेधडक म्हणालो, "घेतोच आहेस तर मोठा घे. वाढत्या अंगाचा!"

आमच्या पिढीला शाळेचा सदरा वाढत्या अंगाचाच मिळायचा, तीच सवय. पण इंजिनाचं अंग वाढत नाही, हे मला सुचलं नाही.

आठच दिवसांत ट्रक माणसं घेऊन निघाला आणि धारूरच्या घाटात अडला. काळ्या धुराचे लोट, आणि गाडी काही केल्या ओढेना. चाकांखाली दगड लावले. बाया लेकरं कडेवर घेऊन उतरल्या आणि भर उन्हात घाट चढल्या. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग इतिहासाच्या मास्तराने जे करावं तेच मी केलं. ही भानगड मुळात सुरू कुठून झाली, ते वाचायला घेतलं.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, त्याबरोबर दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येतं. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. त्याचं पेटंट १९०५ सालचं, पण तिचा खरा उपयोग व्हायला वीस वर्षं गेली. १९२६ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांवर टर्बो बसवले, तेव्हा इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

इथे एक गंमत आहे. जहाजाचं इंजिन तासन् तास एकाच वेगाने चालतं. त्या एका वेगाला जुळेल असा टर्बो निवडला की काम झालं. ट्रकचं तसं नाही. दर वळणाला, दर चढाला त्याचा वेग बदलतो. टर्बो जहाजावरून ट्रकवर आला आणि मापाचा प्रश्न खरा तिथे अवघड झाला.

१९३८ साली स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने ट्रकच्या इंजिनाला टर्बो लावला. १९५४ साली स्वीडनच्या व्होल्व्होने टर्बोचा ट्रक बाजारात आणला. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा आणि डायम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून पहिला ट्रक बाहेर पडला, तो मात्र बिनटर्बोचा. लहानपणी आम्ही पाहिले ते हेच ट्रक, नाकावर तीन टोकांची चांदणी असलेले. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. २००० साली युरो-१ च्या धर्तीवरचे आले, २०१७ ला देशभर बीएस-४ आणि २०२० ला बीएस-६. धूर कमी करायचा तर हवा भरपूर हवी, म्हणून टर्बो आपल्याकडे घरोघरचा झाला.

आता मापाचं गणित. सहा लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा सहा लिटर हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर ३६०० लिटर आणि २४०० फेऱ्यांवर ७२०० लिटर. टर्बोने हवा दीडपट करायची म्हटली तर ५४०० आणि १०,८००. एकाच टर्बोने दोन्ही टोकं सांभाळायची! मोठा टर्बो वरच्या वेगाला छान, पण खालच्या वेगाला धूर इतका कमी येतो की त्याचं जड चाक जोरात फिरतच नाही. हवा मिळत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो. लहान टर्बो लवकर जोर धरतो, पण वरच्या वेगाला धुराची वाट अडवतो आणि स्वतः प्रमाणाबाहेर फिरून लवकर मरतो. म्हणून बऱ्याच इंजिनांवर टर्बो जरा लहानच घेतात आणि त्याला 'वेस्टगेट' नावाचं झाकण देतात. वेग वाढला की जादा धूर त्या झाकणातून परस्पर बाहेर जातो.

हे सगळं वाचून मी परळीच्या एका जुन्या मिस्त्रींना विचारलं. ते हसले. "गुरुजी, भरलेली गाडी घाटात बाराशे-चौदाशेवर चालती. तिथं जो हवा देतो, तोच टर्बो खरा. सपाटीवर काय, कोणताबी चालतो."

त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं, त्यासाठी मला महिनाभर वाचावं लागलं.

विद्यार्थ्याने पुढे मापाचा टर्बो बसवला आणि तोच ट्रक धारूरचा घाट बिनबोभाट चढू लागला. मी पहिल्या टर्बोचे निम्मे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. "तुम्ही थोडंच मुद्दाम सांगितलं होतं?" म्हणाला. पण गाडी कुठल्या रस्त्याने जाणार, तिच्यात काय भरणार, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. ते न विचारता सल्ला दिला, ही चूक माझीच.

असो. तुमच्यापैकी कुणाला यातलं अधिक कळत असेल, तर जरूर लिहा. आणि माझ्या भाच्या-पुतण्यांनो, नातवंडांना सदरे मापाचेच घेत जा!