निकितिन, अफानासी

(मृत्यू सु. १४७२). रशियातील त्व्हेर येथील व्यापारी आणि बहमनी अमलातील दख्खनचा प्रवासी. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे. कास्पियन, अरबी आणि काळा हे ते तीन समुद्र. प्रवासाचा काळ सामान्यतः १४६६–७२ मानतात. काही अभ्यासक तो १४६८–७४ धरतात. कोणताही काळ धरला, तरी वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या दोन तपांहून अधिक काळ आधी हा माणूस चौलच्या बंदरात होता.

भारत गाठावा असा त्याचा मूळ बेत नव्हता. शिर्वानच्या (आजच्या अझरबैजानातील प्रदेश) बाजारात माल विकण्यासाठी तो व्होल्गा नदीतून निघाला. सोबत शिर्वानचा परतणारा वकील होता आणि वकिलाबरोबर मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याने भेट दिलेले ९० शिकारी ससाणे. व्होल्गाच्या मुखाशी तातारांनी त्यांना लुटले. कास्पियनमधील वादळात एक जहाज फुटले. घरी काही शिल्लक होते ते सोबती माघारी फिरले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते त्यांना वाट फुटेल तिकडे जाणे भाग होते. निकितिन बाकूवरून इराणात उतरला आणि माझांदरान, काशान, यज्द, लार अशा बाजारपेठांत मुक्काम करत खुष्कीच्या मार्गाने हॉर्मूझला पोहोचला.

तेथे त्याने घोडा घेतला. हा निर्णय व्यापाऱ्याचा होता. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे आणि बहमनी घोडदळाची भूक अरबस्तान व खुरासानच्या घोड्यांवर भागे. सहा आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर तो चौलला उतरला. गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागे मागे येत. पालीमार्गे तो जुन्नरला गेला. तेथील कड्यावरच्या गडावर निमुळत्या वाटेने एकेकानेच चढावे लागते असे तो लिहितो; ते वर्णन वाचताना शिवनेरी डोळ्यांपुढे येतो. तेव्हा पावसाळा होता. चार महिने पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत पेरण्या, हे त्याला नवल वाटले. घोड्यांना हरभरे आणि साखर घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही त्याने टिपले आहे.

जुन्नरचा अधिकारी असद खान याने तो मुसलमान नसल्याचे कळताच घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर १,००० मोहरा देतो, नाही तर दोन्ही जातील, अशी अट घालून त्याने ४ दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका खोजा महंमदाने रदबदली केल्यामुळे त्याचा धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. हा घोडा जुन्नरपर्यंत आणायला त्याला १०० रुबल पडले होते. पुढे तो बीदरला विकला गेला.

बहमनी राजधानी बीदरमध्ये तेव्हा वजीर महमूद गावानच्या सत्तेचा दबदबा होता. सरदारांच्या ऐश्वर्याबरोबरच रयतेचे दारिद्र्यही निकितिनने स्पष्ट नोंदवले आणि हेच या वर्णनाचे खरे मोल आहे. दरबारी प्रवाशांची नजर तिकडे सहसा वळत नाही. आपण ख्रिस्ती आहोत असे त्याने सांगितल्यावर हिंदू कुटुंबांनी त्याच्यापासून जेवणखाण, पूजाअर्चा लपवली नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या शिवरात्रीच्या यात्रेलाही गेला. व्यापाराबाबत मात्र त्याची निराशा झाली. मिरी आणि रंग स्वस्त, पण रशियात खपेल असा माल नाही, जकात जबर आणि समुद्रात चाचे फार, असा त्याचा हिशेब आहे. धर्मग्रंथ लुटीत गेल्यामुळे सणांच्या तिथी चुकतात, याचे दुःख तो पुन्हा पुन्हा व्यक्त करतो. त्याच्या प्रार्थनांत अरबी, फार्सी आणि तुर्की शब्द रशियन लिपीत येतात.

परतताना तो दाभोळला जहाजात बसला. हॉर्मूझ, शिराझ, तब्रीझ, त्रेबिझोंद या वाटेने काळा समुद्र ओलांडून तो काफाला (क्रिमिया) पोहोचला आणि त्व्हेर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोत राजाचा सचिव वासिली मामिरेव याच्याकडे पोहोचवली व तिचा मजकूर रशियन बखरींत समाविष्ट झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिनने तो पुन्हा उजेडात आणला. त्याच्या जीवनावर ‘परदेसी’ (१९५७) हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला. चौललगतच्या रेवदंडा येथे त्याचे स्मारक आहे.