ताटातला हुलगा

आमच्या वरवंडकडे पावसाची झड लागली की घरोघर एकच फर्माईश होते, हुलग्याचे शेंगोळे. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, वाटलेली लसूण-मिरची, जिरं, मीठ घालून घट्ट मळायचं. तळहातावर बारीक लांबट वळ्या करून टोकं जुळवायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायची. उरलेलं पीठ पाण्यात कालवून वर ओतलं की रस दाट होतो. त्यात भाकरी कुस्करायची. बाजारचा मसाला कशालाही लागत नाही.

पण पाहुणे आले की माझी आई हे पातेलं झाकून ठेवी. पाहुण्याला चपाती, शेंगोळे फक्त घरच्यांना! हुलगा म्हणजे गरिबाचं धान्य, त्याहून वाईट म्हणजे जनावराचं. आमची ही भीमथडी घोड्यांसाठी नावाजलेली. घोड्याला, बैलाला हुलगे भरडून-उकडून घालत. इंग्रजांनी तर या धान्याला नावच घोड्याचं दिलं. आईची लाज तिथूनच आली असावी.

या धान्याची खानदानी मात्र बघण्यासारखी आहे. भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरं, चुली, धान्य साठवायची पेवं निघाली, आणि जळून कोळसा झालेल्या दाण्यांत जव, मसूर यांच्या जोडीला हुलगाही निघाला. इनामगावची बाई हुलगा कसा शिजवत होती, ते दाणे सांगत नाहीत. तिच्याजवळ मिरची नव्हती एवढं नक्की. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, त्यातला झणझणीतपणा असा पाचशे वर्षांच्या आतला आहे. हुलगा तीन हजारांचा.

तो टिकला याचं कारण साधं आहे. हलकी जमीन आणि दोन-चार सरी एवढ्यावर तो येतो, आणि आमच्या भागात पावसाचा भरवसा कधीच नव्हता. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाची रोजी एक पौंड धान्याची किंमत अधिक अर्धा आणा, एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि त्यावर दिवसभर माती वाहायची, खडी फोडायची! मजुरांनी संप केला तो उगाच नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं आजही गावात आहेत. मिलोची भाकरी त्यांच्या पुढे नुसती बोलून दाखवा, तोंड वाकडं करतील.

पुढे खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि हुलग्याची शिवारं आक्रसली. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. पाणी आल्यानं पोटं भरली.

तसंच ‘पूर्वी सगळं घरीच व्हायचं’ असं म्हणताना जरा थांबावं. घरी म्हणजे कुणाच्या हातांनी? गावात पिठाची गिरणी येण्याआधी पहाटे अंधारात बाया जात्यावर बसत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात माहेरची माया आहे, तशी सासरच्या कामाची शीणही आहे. दळणारीला कुणी विचारत नव्हतं, म्हणून ती जात्याशी बोलली.

परवा हायवेवरच्या एका हॉटेलच्या फळ्यावर खडूनं ‘शेंगोळे’ लिहिलेलं दिसलं. आईला आत नेलं. तिनं थाळीची किंमत पाहिली, एक घास खाल्ला, लसूण कमी आहे म्हणाली. मग वाढणाऱ्या पोराला तिनं विचारलं, ‘‘बाळा, आत वळ्या वळायला कोण बसतंय रे?’’