दिव्याचे देयक आणि शाळेचा फळा

लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या कुटुंबाचा वीज आणि पाणी यांविषयीचा व्यवहार नवी दिल्ली नगरपालिका परिषदेशी असतो, आणि याच परिषदेची नवयुग शाळाही आपल्या वसाहतीत आहे. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत ज्यांनी चार प्रांत पाहिले, त्यांना हा योग विशेष वाटल्याशिवाय राहत नाही. दिव्याचे देयक स्वीकारणारी आणि शाळा चालविणारी संस्था एकच असणे सर्वत्र आढळत नाही. मुंबईत ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट उपक्रम महापालिकेच्या ताब्यात आला, तेव्हा तेथेही शहर विभागाची वीज आणि प्राथमिक शाळा एका छत्राखाली आल्या.

या योगामुळे एक प्रश्न मनात येतो. सार्वजनिक सोयींसाठी सामान्य माणूस जो पैसा देतो, त्यातला काही अंश शिक्षकाच्या हाती, त्याला स्वतःला सुचलेल्या प्रयोगासाठी, पोहोचतो काय? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबई इलाख्यात या इतिहासाचा आरंभ वीज येण्यापूर्वीच झालेला आहे. १८६३ साली शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला, आणि १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के स्वरूप मिळाले. या उत्पन्नाचे दोन भाग रस्त्यांसारख्या सोयींकडे आणि एक भाग शाळांकडे जाई. खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या त्या पुष्कळ अंशी या आण्यावर. परंतु आणा देणाऱ्या कुणब्याला त्याच्या विनियोगात बोलण्यास जागा नव्हती, आणि शिकविणाऱ्या पंतोजीला तर नव्हतीच.

त्याच सुमारास खासगी शाळांच्या अनुदानासाठी परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत आली. इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार, जितकी मुले उत्तीर्ण तितके अनुदान. अशा पद्धतीत शिक्षक ठरलेले धडे घोकून घेणार, हे उघड आहे. नवा प्रयोग फसला तर शाळेचे उत्पन्न बुडते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, शिक्षणाला पारख्या असलेल्या लोकांत विद्याप्रसार करण्यास ही पद्धत योग्य नाही, असे स्पष्टपणे मांडले. रयतेकडून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे वळतो, ही त्यांची तक्रार आपण वाचलेली असते; अनुदान कोणत्या रीतीने द्यावे याविषयीचा त्यांचा विचार मात्र कमी स्मरला जातो.

शिक्षकाच्या कल्पकतेला वाव मिळाला तर काय घडते, याचे उत्तर ताराबाई मोडक यांनी दिले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरी पद्धतीची परदेशी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, पाने, माती अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षणसाधने तयार झाली. खर्च अल्प होता. तथापि अल्प म्हणजे शून्य नव्हे, आणि तो प्रत्येक वेळी शिक्षिकेने आपल्या तुटपुंज्या वेतनातून करावा, अशी अपेक्षा समाजाने धरणे न्यायाचे नाही.

१९९४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा आजचा कायदा त्याच वर्षीचा. त्याच वर्षी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे तत्कालीन नावांचे पाच जिल्हे प्रथम निवडले गेले. त्यात प्रत्येक शिक्षकाला साहित्यनिर्मितीसाठी वर्षाला ५०० रुपये आणि प्रत्येक शाळेला २,००० रुपये देण्याची तरतूद होती. पुढे सर्व शिक्षा अभियानाने शिक्षक-अनुदान देशभर नेले. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला एकत्रित अनुदान देण्याची रीत आली. पाचशे रुपये ही रक्कम लहान, पण ती शिक्षकाच्या नावाने येत होती, यात तिचे महत्त्व होते.

आणि त्याच १९९४ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या वीज सहकारी संस्थांनी ‘ब्राइट आयडियाज’ नावाची अनुदाने सुरू केली. शिक्षकाने आपल्या वर्गासाठी योजिलेला प्रयोग लिहून पाठवावा, परीक्षकांनी तो पाहावा, आणि निवडलेल्यास संस्थेने पैसा द्यावा, अशी ही सरळ रीत आहे. १९३५ नंतर रूझवेल्ट यांच्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या धोरणातून या संस्था वाढल्या; ग्राहक हाच तेथे सभासद आणि मालक. सभासदांचे शिक्षण आणि परिसराविषयी आस्था ही सहकाराची जुनी तत्त्वे आहेत, त्यामुळे शाळेकडे त्यांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

याच जातीची संस्था महाराष्ट्रातही होती. अहमदनगर जिल्ह्यात १९६९ साली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था स्थापन झाली. देशातील पहिल्या पाच प्रायोगिक ग्रामीण वीज संस्थांपैकी ती एक असून तिला अमेरिकन सहकारी संस्थांच्या तज्ज्ञांचे साह्य होते. २०११ साली तिचे वीजवितरण महावितरणकडे गेले. आज वीजवितरण बहुतांशी सरकारी वा खासगी कंपन्यांकडे असल्याने विचार करावा लागतो तो २०१३ च्या कंपनी कायद्याचा. त्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. म्हणजे पैशाचा मार्ग खुला आहे. तो इमारती आणि यंत्रे यांपाशीच न थांबता वर्गातल्या शिक्षकापर्यंत यावा, ही इच्छा अवास्तव म्हणता येणार नाही.

अनुदानाच्या फायली हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली. उपयोगिता प्रमाणपत्र, तीन दरपत्रके, शेरे, पुनश्च शेरे. मोठ्या रकमेला हे सारे आवश्यक आहे. परंतु दोन हजार रुपयांच्या प्रयोगाला दोन लाखांचे नियम लावले की शिक्षक अर्जच करीत नाही. एक पानाचा अर्ज, कामाचा एक पानाचा वृत्तान्त आणि पावत्या एवढ्यावर लहान अनुदान चालू शकते. प्रयोग फसला तरी तसे लिहिण्याची मुभा हवी. नाहीतर निकालावर पैसे देण्याची जुनी पद्धत नव्या वेषात परत येईल.

आपल्या मंडळाला हे करून पाहता येण्यासारखे आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून खर्च जाता जी शिल्लक राहते, तिचा एक लहान भाग वसाहतीतील शाळेच्या शिक्षकांसाठी, शाळेच्या संमतीने, दरवर्षी वेगळा ठेवावा. ती शाळा मराठी माध्यमाची नाही, त्यात सर्व प्रांतांची मुले शिकतात, हे खरे. परंतु आपली मुलेही त्यांच्याच बाकावर बसतात. पन्नास वर्षे या नगराने आपल्याला घर दिले आहे. ज्यांच्या पूर्वजांनी रुपयामागे एक आणा देऊन खेड्यातील शाळा उभ्या केल्या, त्यांना हा भार जड वाटू नये. कार्यकारिणीने पुढील वार्षिक सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी माझी विनंती आहे.