घराच्या जिन्यावर शिक्षक

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुण शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं एक सभा स्थापिली. स्त्रीशिक्षणावर तेथें निबंधवाचन झालें. पण ऐकणारे बहुतेक सभासदच! ज्यांच्या मुलींना शिकवावयाचें, ते आईबाप दूर आपापल्या घरीं होते.

तेव्हां दादाभाई नवरोजी व त्यांचे सोबती घरोघर हिंडूं लागले. मुलींना पाठवा, सकाळच्या फावल्या वेळांत आम्ही विनावेतन शिकवूं, एवढेंच त्यांचें मागणें. कोणी रुकार देई. कोणी जिन्यावरून खालीं लोटून देण्याची धमकी देई. श्रोत्यांना आज हंसूं येईल. पण परक्या तरुणांच्या स्वाधीन मुलगी कशी करावी, ही त्या बापांची धास्ती अगदींच पोकळ नव्हती. तिचें निरसन छापील पत्रकानें झालें नसतें. शिकवणारा स्वतः दाराशीं येऊन उभा राहिला, आपलें तोंड दाखवून बोलला, म्हणून कांहीं दारें उघडलीं.

१८४९ सालीं शाळा सुरू झाल्या, तेव्हां ४४ पारशी व २४ हिंदु मुली येऊं लागल्या. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे वजनदार गृहस्थहि स्त्रीशिक्षणाच्या पाठीशीं उभे राहिले. पुढें १८५७ सालीं पारशी मुलींच्या शाळांचा कारभार पारशी गृहस्थांच्याच मंडळीनें आपल्याकडे घेतला.