तुझ्या ओळखीत कोणी थीटा आहे का?

2019च्या जूनमधली गोष्ट. मी पोळ्या लाटत होते आणि मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभी होती. "आई, तुझ्या ओळखीत कोणी थीटा आहे का? किंवा कापा? किंवा पाय फाय?" माझा थीटाशी संबंध त्रिकोणमितीपुरता, तोही बारावीत संपलेला. तिला माणसं हवी होती हे कळायलाच मला दोन पोळ्या लागल्या.

ती ऑगस्टमध्ये दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात जाणार होती. एडिसनहून जवळजवळ हजार मैल. तिथे वर्ग सुरू होण्याआधी सोरॉरिटीची 'रिक्रूटमेंट' असते, जिला सगळे अजूनही 'रश' म्हणतात. सोरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची, मुलींची, निवडून सदस्य घेणारी संघटना. बहुतेकींचं स्वतःचं मोठं घर असतं. आठवडाभर मुली घरोघरी जातात, गप्पा मारतात. संध्याकाळी घरं मुलींची यादी करतात आणि मुली घरांची. रोज यादी आखडत जाते. शेवटच्या दिवशी आमंत्रणाचं पाकीट मिळतं, त्याला 'बिड' म्हणतात. नकाराला कारण दिलं जात नाही. सकाळी वेळापत्रक हातात येतं आणि त्यात त्या घराचं नाव नसतं, इतकंच.

तयारीची यादी फ्रिजवर लागली. पाच दिवसांचे पाच पोशाख, पायात फोड न आणणारे बूट, दोन फोटो (एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा), एका पानाचा बायोडेटा, आणि प्रत्येक घरासाठी त्या संघटनेच्या माजी सदस्येचं शिफारसपत्र. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर माझी आई हे सगळं ऐकून म्हणाली, "अगं, मग हे कांदेपोहेच की. फक्त नवरा नाही." मुक्ताला ते आवडलं नाही. मला मात्र तेव्हापासून दुसरं काही सुचेना. पत्रिका सोडली तर सगळं होतं: उभा फोटो, 'घरचे कोण', मध्यस्थ, आणि न कळवलेला नकार.

मी वाचायला लागले ती खरं तर विरोधासाठी मुद्दे गोळा करायला. पण सुरुवातीची पानं वाचताना माझाच पक्ष बदलायला लागला.

ग्रीक अक्षरांची पहिली संघटना, फाय बीटा कापा, 1776ची आणि अर्थात पुरुषांची. मुलींच्या बाजूने जॉर्जियातल्या मेकन गावी, वेस्लियन फीमेल कॉलेजमध्ये, 1851 साली अडेल्फियन सोसायटी निघाली. तीच पुढे अल्फा डेल्टा पाय झाली. पण ते मुलींचंच कॉलेज होतं. खरी गंमत मुलांच्या कॉलेजात मुली शिरल्यावर सुरू झाली. इंडियानातल्या ॲस्बरी कॉलेजने (आजचं डीपॉ विद्यापीठ) 1867 साली मुलींना दार उघडलं. आत आलेल्या पहिल्या काही मुलींत बेटी लॉक होती, तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकांची मुलगी. थीटावाल्या त्यांच्या परंपरेत सांगतात की, एका फ्रॅटर्निटीच्या मुलांनी तिला आपला बिल्ला लावायला देऊ केला. ती म्हणाली, लावते, पण रीतसर सदस्य करून घेणार असाल तर. ते त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी बिल्ल्याऐवजी तिला केक ठेवायची चांदीची टोपली भेट दिली. 27 जानेवारी 1870 रोजी बेटी लॉकने ॲलिस ॲलन, बेटी टिप्टन आणि हॅना फिच यांच्यासह कापा अल्फा थीटा काढली.

ती टोपली काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. हुशार बाईला सभासदत्वाऐवजी भांडं देण्याची रीत आपल्याला नवी नाही.

'सोरॉरिटी' हा शब्दही तेव्हा नव्हता. या मुली स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत, आणि काही जुन्या संघटना अधिकृत नावात आजही तेच म्हणवतात. 1874 साली सिराक्यूज विद्यापीठात गॅमा फाय बीटा निघाली. तिच्यासाठी लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी 'सोरोर' म्हणजे बहीण यावरून शब्द घडवला. तो चिकटला.

याच काळात, 1883च्या जूनमध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटर बाई आल्या होत्या. त्या रोझेलच्या, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावरच्या गावच्या. एका मासिकात छापलेलं पत्र वाचून त्यांनी या अनोळखी मुलीला लिहायला सुरुवात केली होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजात त्या एकट्या राहिल्या, आजारल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. परक्या मुलखात मुलीला शिकायला धाडायचं तर तिथे एक तरी मावशी लागते, हे मला त्या जूनमध्ये नीट कळलं. मुक्ता मागत होती तेही बहुधा हेच होतं.

इथवर ठीक होतं. मग 'रश' आली. सुरुवातीला कॉलेजात मुली कमी आणि संघटना जास्त, त्यामुळे आलेल्या मुलीला दुसरीने पकडण्याआधी पकडायची घाई होई. वर्ग सुरू होण्याआधी, कधी कॉलेजात दाखल होण्याच्याही आधी शब्द घेतला जाई. या ओढाताणीला नियम घालायला 1902च्या मे महिन्यात बॉस्टनमध्ये सात संघटनांच्या प्रतिनिधी जमल्या. त्यातून आजची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स उभी राहिली, तिच्यात आता 26 संघटना आहेत. नियम आले पण घाई गेली नाही, तिची दिशा फक्त उलटली. आज अलाबामा विद्यापीठात एका ऑगस्टमध्ये दोन हजारांहून अधिक मुली रांगेत असतात. पळायचं त्यांनी.

आणि निवडणं म्हणजे वगळणंही. त्या बैठकांतल्या संघटना गोऱ्या, ख्रिस्ती मुलींच्या होत्या. ज्यांना दार बंद होतं त्यांनी आपापली घरं बांधली. हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय मुलींनी 1908 साली अल्फा कापा अल्फा काढली, न्यूयॉर्कच्या बार्नर्डमधल्या ज्यू मुलींनी 1909 साली अल्फा एप्सिलॉन फाय. हॉवर्डमध्येच जानेवारी 1913मध्ये डेल्टा सिग्मा थीटा निघाली, आणि दोन महिन्यांच्या आत तिच्या मुली वॉशिंग्टनमध्ये मताधिकाराच्या मोर्चात चालत होत्या. संघटना काढून पहिलं काम म्हणून पार्टी करण्यापेक्षा हे मला बरं वाटलं. दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटी त्यामानाने अलीकडच्या. 1998 साली टेक्सासात ऑस्टिनला कापा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा निघाल्या. मी आशेने मुक्ताला हे दाखवलं. ती म्हणाली, "आई, मी हजार मैल जाऊन पुन्हा मंडळाच्या गणपतीला जाऊ का?"

अलाबामाचं मात्र तिने बसून वाचलं. 11 जून 1963 रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तिथल्या दारात उभे राहिले, व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला. दोघं त्याच दिवशी आत गेले. पण सोरॉरिटीचं दार त्यानंतर पन्नास वर्षं जवळजवळ तसंच राहिलं. सप्टेंबर 2013मध्ये 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने बातमी छापली: शाळेत दुसरी आलेली एक कृष्णवर्णीय मुलगी, घरातल्या मुलींना ती हवी होती, पण माजी सदस्यांनी यादीतून तिचं नाव काढायला लावलं. आतल्या मुलीच बोलल्या म्हणून हे बाहेर आलं. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी प्रवेश पुन्हा उघडायला लावले आणि त्याच महिन्यात काही कृष्णवर्णीय मुली आत गेल्या.

म्हणजे किल्ली माजी सदस्यांच्या हातात. आणि शिफारसपत्र ही त्या किल्लीची सभ्य बाजू. ज्या घरांत तीन पिढ्या कोणी ना कोणी 'थीटा' आहे, त्यांना पत्र मिळवायला काही करावं लागत नाही. ज्यांच्या घरात कोणी नाही, त्यांना 'नको' असं म्हणावंही लागत नाही, कारण पत्रच येत नाही. 'तुम्ही कुठले?' या आपल्या साध्या प्रश्नात जेवढं मावतं, तेवढंच यात.

तरीही मी पत्र मागायला गेले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गेले. आमच्या वाचनालयात स्वयंसेवकाचं काम करणाऱ्या एक बाई आहेत, ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या दक्षिणेतल्या. त्या एका सोरॉरिटीच्या सदस्य होत्या हे त्यांच्याच बोलण्यात एकदा आलं होतं. त्यांनी मुक्ताला चहाला बोलावलं, तासभर बोलल्या, आठवड्यात पत्र लिहून दिलं. ते द्यायला त्या माझ्या गाडीपर्यंत आल्या आणि पाकीट हातातच धरून म्हणाल्या, "माझ्या वेळी हे पत्र मी लिहू शकले नसते. तुला माहीत असावं म्हणून सांगते. तिशीत असताना गावातल्या एका मुलीबद्दल मला विचारलं होतं. चांगली मुलगी होती. मी उत्तरच पाठवलं नाही." मग पाकीट दिलं. मी 'थँक यू' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मुक्ताला मी यातलं काहीच सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये तिला सोडून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला: ज्या घरासाठी ते पत्र होतं, तेच वेळापत्रकातून गेलं होतं. ती रडत नव्हती. सावकाश आणि फार स्पष्ट बोलत होती, ते मला जास्त लागलं. "काय चुकलं सांग ना." मी सांगितलं की काही चुकलं नाही, आणि ऐकताना मला माझ्या मावशीचा आवाज आला. 1993 साली, साताऱ्यात, मला नकार आल्यावरचा. शेवटी मुक्ताला तिच्या यादीत चौथ्या नंबरवर असलेल्या घराचं पाकीट मिळालं. तिथल्या दोन मुली आज तिच्या खरोखरच्या मैत्रिणी आहेत. सप्टेंबरात ताप आला तेव्हा रात्री त्याच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिला मावशी मिळाली, मी हजार मैलांवरून नुसतं थर्मामीटरवरचे आकडे ऐकत होते.

पुढच्या ऑगस्टला सगळं ऑनलाइन होतं. 2020चा तो उन्हाळा. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर कितीतरी विद्यापीठांत 'ग्रीक लाइफ बंद करा' म्हणत सदस्यच राजीनामे देत होते. आई किंवा आजी सदस्य असलेल्या मुलींना झुकतं माप द्यायची रीत काही संघटनांनी त्यानंतर सोडली. शिफारसपत्राची सक्तीही बऱ्याच ठिकाणी उठली. मुक्ता मात्र आमच्या वरच्या खोलीत बसून झूमवर रश घेत होती. वर इस्त्रीचा ड्रेस, खाली पायजमा, समोर गोल दिवा. आता ती पोहे देणाऱ्यांत नव्हती, बघायला आलेल्यांत होती. दर काही मिनिटांनी नवी मुलगी पडद्यावर येई आणि ती गेली की मुक्ताने तिला गुण द्यायचे.

रात्री ती जेवायला खाली आली तेव्हा मी तिला पाकिटाची गोष्ट सांगितली. वाचनालयाच्या पार्किंगमधली, सगळी. ती बराच वेळ वरणात चमचा फिरवत बसली. मग म्हणाली, "त्या मुलीचं नाव सांगितलं का त्यांनी?"

"नाही. मी विचारलंही नाही."

"मी आज सव्वीस जणींशी बोलले," ती म्हणाली. "मला आत्ता नऊ नावं आठवतायत." आणि ताट तसंच ठेवून ती वर गेली. गुण भरायची मुदत बारापर्यंत होती.